भ्या काढलेलं पिल्लू

आमच्याकडं लेकरू झोपेत दचकायला लागलं की पहिला इलाज दवाखान्याचा नसतो. आधी अंगारा, मग मीठ-मोहरी, आणि त्यानंही नाही भागलं की कुणीतरी म्हातारं माणूस सांगतं, "वाघाच्या न्हाईतर अस्वलाच्या अंगाला लावा लेकरू. भ्या निघून जातं." माझ्या लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन गावोगाव हिंडायचा. अस्वलाच्या नाकातून ओवलेली दोरी, तोंडाला मुसकं, आणि बाया लेकरं कडेवर घेऊन रांगेत उभ्या. तो एकेक लेकरू अस्वलाच्या पाठीवर बसवायचा आणि ताइतात घालायला दोन केस उपटून द्यायचा. मला आईनं बसवलं होतं, माझ्या धाकट्या बहिणीलाही बसवलं होतं. बहिणीनं म्हणे सगळी आळी डोक्यावर घेतली होती. पुढं अस्वलं बंद झाली, दरवेशी यायचे थांबले. लेकरांचं दचकणं काही थांबलं नाही आणि भ्या काढायची हौसही गेली नाही.

मी गुरांची डॉक्टर. राहायला अहमदपूरला, नोकरी जळकोट तालुक्यातल्या गावांत. माझं सगळं शहाणपण म्हशी, गाई आणि शेळ्यांपुरतं. रानातल्या जनावराशी माझा संबंध यायचं कारण एवढंच की आमच्या भागात त्यांचा वेगळा डॉक्टर नाही, त्यामुळं मोराला तारेचा शॉक बसला किंवा हरणामागं कुत्री लागली की वनखात्याचे लोक मलाच फोन करतात. त्या दिवशी वनरक्षकाचा फोन आला तेव्हा माझा एक हात खांद्यापर्यंत म्हशीत होता आणि म्हशीच्या मालकानं फोन माझ्या कानाला धरला होता.

"मॅडम, वाघाचं पिल्लू घावलंय. दूध पिऊन वकून राहिलंय. लवकर या."

वाघ म्हणजे बिबट्या. आमच्याकडं दोघांनाही वाघच म्हणतात. मी म्हटलं, "दूध कुणी पाजलं?" तर तो म्हणाला, "आधी या तर खरं." म्हशीचं आटोपून, हात धुऊन मी स्कूटी काढली.

गावात शिरल्या शिरल्या कळलं की काहीतरी बिनसलंय, कारण भर दुपारी पारावर एक माणूस नव्हता. सगळं गाव एका शेतकऱ्याच्या गोठ्यापुढं लोटलेलं. शेतकरी चांगला बागायतदार, मनानंही वाईट नाही. सकाळी त्याच्या शेतात ऊसतोड चालू असताना पाचटात दोन पिल्लं दिसली. तोडणारी माणसं घाबरून बाजूला झाली आणि तेवढा कोपरा त्यांनी उभाच ठेवला. एक पिल्लू उसात आत सरकलं. दुसरं थंडीनं कुडकुडत होतं म्हणून मालकानं उपरण्यात गुंडाळून घरी आणलं. मालकिणीनं त्याला चुलीपाशी शेकलं, म्हशीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजलं, कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि कोंबड्यांच्या डालग्यात मऊ लुगडं अंथरून त्यावर ठेवलं. महिनाभराचं असेल. डोळे निळसर, कान अजून पडलेले, नर. तोंड उघडून ओरडत होतं, पण आवाज मांजराएवढाच. पोट फुगलेलं. म्हशीचं दूध त्याला कसलं पचतंय!

आणि त्याच्यापुढं रांग. पहिल्यांदा मालकिणीनं आपला नातू लावला होता. तो रात्री रडायचा. मग शेजारणीनं आपलं लेकरू आणलं, मग वाडीवरून बाया आल्या, मग शेजारच्या गावातून टमटम भरून आले. मालकीण पिल्लाचा पुढचा पंजा धरायची, लेकराच्या कपाळाला टेकवायची, पाठीवर फिरवायची, "पळालं रं भ्या, पळालं!" म्हणायची, आणि बाजूला उभे असलेले बाप, काके, मामे फोन वर करून शूटिंग करत होते. पिल्लाचा पंजा या हातातून त्या हातात.

माझं टाळकं सरकलं. "काय जत्रा लावलीय रे इथं? हटा! हटा म्हणते ना!"

चार पावलं मागं सरले आणि पुन्हा पुढं आले. पालथ्या घड्यावर पाणी.

मी मालकाला आणि वनरक्षकाला बाजूला घेतलं. म्हटलं, ऐका, काम अगदी साधं आहे. याची आई मेलेली नाही, पळूनही गेलेली नाही. ती त्या उसाच्याच आसपास कुठंतरी बसलीय आणि माणसं हलायची वाट बघतेय. सूर्य बुडायच्या आत पिल्लू जिथून उचललं तिथंच ठेवायचं आणि सगळ्यांनी रान सोडून घरी यायचं. अंधार पडता पडता ती येईल, मान धरून उचलेल आणि घेऊन जाईल. आज गेलं तर गेलं. दुसरं पिल्लू घेऊन ती एकदा का दूर निघाली, तर ह्याला आई नाही, आणि आई नाही म्हणजे रान नाही. शिकार त्याला तुम्ही शिकवणार का मी?

"हाव मॅडम, नेऊ की," मालक म्हणाला. "मी कवा न्हाई म्हणलो? एवढ्या लेकरांचं तेवढं होऊ द्या."

"एवढ्या म्हणजे किती? रांग वाढतच चाललीय!"

एक बाई पुढं आली. कडेवरचं पोर अशक्त, डोळे खोल गेलेले. म्हणाली, "बाई, माझं लेकरू तीन सालाचं हाय, अजून एक रात नीट झोपलं न्हाई. म्या उमेद धरून चालत आलेय. एकदा लावू द्या. एक्या हातानं काय मरतंय का ते?"

खरंच, एका हातानं मरत नव्हतं. तिचं लेकरू लावून झालं आणि मग तिच्या मागची म्हणाली, तिचं झालं, माझं का नाही. तिच्या मागचीचंही तेच. वाईट एकही बाई नव्हती त्यात. शिव्या द्यायच्या तर कुणाला द्यायच्या, हेच कळेना. मी पिल्लाला साखर-मिठाचं पाणी पाजलं, पोट चोळलं, कुंकू पुसलं. मी पुसून मान वर करेपर्यंत कुणीतरी नवं लावलं.

उन्हं कलली तसं मी डालगं उचललं. बास झालं, चला. वनरक्षकानं मोटारसायकल काढली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो "हो साहेब, हो साहेब" म्हणत बाजूला गेला आणि परत आला तेव्हा माझ्याकडं बघेना. लातूरहून एक पुढारी निघाले होते. पिल्लू बघायचंय, तोवर हलवू नका, असा वरून निरोप होता.

"वरून म्हणजे कुठून? आभाळातून?" मी ओरडले. "दिवस बुडून राहिलाय, दिसत नाही तुला?"

"मॅडम, माझी नोकरी हाय. अर्ध्या घंट्यात येतेत ते."

पिल्लू कायद्यानं त्याच्या खात्याचं, माझं नाही. मी गुरांची डॉक्टर. डालगं माझ्या हातातून मालकानं घेतलं, अगदी अदबीनं, "मॅडम, चहा घ्या तोवर," म्हणत. अर्ध्या घंट्यात काय येतात! आले ते दिवे लागल्यावर, चार गाड्या घेऊन, हार घालून घेत. पिल्लू छातीशी धरलं, कॅमेऱ्याकडं बघितलं, "निसर्ग वाचवला पाहिजे" असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गोठ्याच्या मेढीला टेकून उभी होते. रानाकडून ऊसतोडीच्या टोळीतला एक माणूस धापा टाकत आला आणि म्हणाला, फडाच्या कडंला वाघीण आलती, लई येळ हिंडत व्हती, करवत चालवल्यावानी आवाज काढत व्हती, आणि आत्ता पिल्लू तोंडात धरून ओढ्याच्या अंगानं गेली. एकच पिल्लू. दुसरं कुठून असणार? दुसरं इथं शाल पांघरून फोटो काढून घेत होतं.

सकाळी मी रानात गेले. पाटाच्या ओल्या मातीत तिची पावलं होती. जिथून पिल्लू उचललं होतं, त्या पाचटाच्या ढिगाभोवती तिनं फिरून फिरून माती तुडवलेली, मळणीच्या खळ्यासारखी. मला जास्त बघवेना. मी गुरांमध्ये आयुष्य काढलंय, वासरू मेल्यावर हंबरणारी गाय मला नवी नाही. पण हिचं वासरू मेलं नव्हतं.

पुढच्या संध्याकाळी आम्ही डालगं तिथंच नेऊन ठेवलं. त्याच्या पुढच्याही संध्याकाळी ठेवलं. मी हात जोडले, पाया पडायची बाकी राहिले, की बाबांनो, आजच्या दिवस रानाकडं फिरकू नका. कुणी आत आलं नाही, एवढं खरं. पण बांधावर ट्रॅक्टर उभे, त्यांच्यावर पोरं चढलेली, मोबाईलच्या बॅटऱ्या लागलेल्या, आई पिल्लाला नेताना सापडली तर सगळ्या महाराष्ट्रात व्हिडिओ फिरेल म्हणून. आली नाही ती. कशी येईल? शेवटी आम्ही डालगं आणायला गेलो, तर आमची पावलं वाजल्याबरोबर पिल्लू डालग्यातून बाहेर आलं आणि धडपडत माझ्याकडं धावलं. माझ्याकडं! माझ्या बुटावर चढलं. वनरक्षक हसला, "बघा मॅडम, वळखतंय तुम्हाला." मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. रानातलं पिल्लू माणसाची चाहूल लागली की दबून बसायला पाहिजे. त्याच्याकडं दुसरी कसली पुंजी असते? पंजे कोवळे, दात दुधाचे. भीती हेच त्याचं सगळं. बाया लेकरांचं भ्या काढायला आल्या होत्या आणि निघालं ते पिल्लाचं.

मग पिल्लू वनखात्याच्या एका रोपवाटिकेतल्या खोलीत आलं. रानातल्या प्राण्यांच्या मोठ्या केंद्रात पाठवायला परवानगी लागते आणि ती येईपर्यंत त्याला जगवायची जबाबदारी माझ्यावर. मी म्हटलं, अजून थोडी तरी आशा आहे. केंद्रातली जाणती माणसं म्हणतात की अगदी लहानपणी माणसापासून तोडलं तर काही पिल्लं पुन्हा रानाची होतात. मी नियम घातला. बाटली एकाच माणसानं द्यायची, तोंडाला कापड बांधून, एक शब्द न बोलता. कुरवाळायचं नाही, नाव ठेवायचं नाही, खिडकीला पोतं. मी स्वतः त्याच्याशी बोलत नसे. बाटली पिऊन झाल्यावर ते माझ्या मनगटाला डोकं घासायचं आणि मी हात काढून घ्यायचे. ते सोपं नव्हतं हो. मलाही हात आहेत.

पण नियम कुणासाठी? आज ह्या साहेबांचं कुटुंब, उद्या त्या साहेबांचे पाहुणे, परवा कुणाच्या मुलीचा वाढदिवस. मी दारात आडवी उभी राहायचे. ते मला काही बोलत नसत, फक्त फोन काढत. तो फोन कुठं कुठं फिरून वनरक्षकाकडं यायचा आणि तो मान खाली घालून कुलूप काढायचा. "मॅडम, पाच मिनिटं." आत फोटो, खिदळणं, "किती गोड!", आणि एकाचा हात तर आईस्क्रीमनं माखलेला. मी भांडले, वरच्यांकडं तक्रार केली, तर मलाच विचारलं गेलं की गुरांचा दवाखाना सोडून तुम्ही तिथं काय करून राहिलात.

अशात एके दुपारी माझी धाकटी बहीण रोपवाटिकेत आली. ती उमरीला दिलेली. उमरीहून दोन एसट्या बदलून, उन्हातान्हाची, कडेवर नातू. मला आधी आनंद झाला. म्हटलं, कळवायचं तरी. ती म्हणाली, "ताई, नातू लई दचकतो गं. डोळे फिरवतो. नांदेडच्या डॉक्टरला दाखवलं, गोळ्या चालू हायेत, गुण न्हाई. तुझ्याकडं वाघाचं पिल्लू हाय म्हणं. एकदा लावू दे."

मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं. तिला सगळं सांगितलं, आईची पावलं कशी होती ते सुद्धा. म्हटलं, नातवाचे डोळे फिरतात ते भ्या नाही, त्याचा इलाज चालू ठेव, मी स्वतः तुझ्याबरोबर नांदेडला येते, मोठ्या डॉक्टरला भेटू. आणि हे बघ, एक तरी माणूस मला "बरं" म्हणून परत जाऊ दे. माझ्या घरचंच कुणी आत गेलं तर मी बाकीच्यांना कुठल्या तोंडानं अडवू?

ती ऐकत होती. तिचे डोळे भरले होते, पण ऐकत होती. मला वाटतं ती "बरं" म्हणणारच होती. तेवढ्यात फाटकातून एक पांढरी गाडी आत आली, तिच्यातून तीन गुटगुटीत लेकरं उतरली आणि वनरक्षक माझ्याकडं न बघता किल्ली घेऊन पुढं गेला.

मी धावले. "ए, थांब!" म्हणून ओरडले. कुलूप निघालं, दार उघडलं आणि आतून त्या पोरांचं किंचाळणं-हसणं ऐकू यायला लागलं.

बहीण उठून उभी राहिली. म्हणाली, "ताई, तुझा कायदा माझ्यापुरताच हाय का?"

"तसं नाही गं..."

"लोकांची लेकरं चालतात. माझा नातू तेवढा चालत न्हाई. आई असती तर तिनं लावलं असतं."

मी तिला अडवलं, हात धरला. तिनं हात सोडवून घेतला. त्या क्षणी मी "जा, लाव" म्हटलं असतं तर पिल्लाचं आणखी काय बिघडणार होतं? काही नाही. पण मी म्हटलं नाही. चुकलं असं अजूनही वाटत नाही, आणि बरोबर होते असं म्हणायलाही जीभ वळत नाही. ती तशीच उन्हात स्टँडकडं चालत गेली. भाऊबीजेला आमचे भाऊ तिच्याकडं जातात, मी फोन लावते तर ती उचलत नाही. नातू कसा आहे हे मला भावजयीकडून कळतं. अजून दचकतो.

परवानगी आली तेव्हा पिल्लू चांगलं दांडगं झालं होतं. वरातीमागून घोडं. गाडीत पिंजरा चढवताना ती मालकीण गावाहून आली होती, लुगड्याच्या पदरानं डोळे पुसत. "माझं लेकरू चाललं," म्हणून ती हमसून हमसून रडली आणि जाळीतून त्याचा पंजा धरून बसली. मला तिचा राग येईना. तिच्याएवढी माया त्याच्यावर आणखी कुणी केली नसेल, आणि तिच्या मायेनंच त्याचं वाटोळं झालं. हे तिला सांगून उपयोग नव्हता. मी सांगितलं नाही.

ह्या हिवाळ्यात दुसऱ्या एका गावात पुन्हा पिल्लं सापडली. मी पोचेपर्यंत रांग लागलेली होती. लोक आता आधी फोन काढतात, मग आम्हाला कळवतात. रांगेतल्या एका बाईनं मला ओळखलं. "हाव, ह्याच बाई! ह्यांच्याकडं व्हतं की ते पयलं पिल्लू. माझ्या लेकराला लई गुण आला बघा." पिल्लं परत रानात न्यायला मी डालगं शोधायला लागले. सूर्य बुडायला अजून वेळ होता, पण गावाच्या वेशीशी गाड्या लागायला सुरुवात झाली होती.

मध्यंतरी सरकारी प्रशिक्षणासाठी लांब जावं लागलं आणि त्या पहिल्या पिल्लाला पाठवलं ते केंद्र वाटेवरच होतं. चिठ्ठी दाखवून आत गेले. जागा स्वच्छ, माणसं कामाची. तिथला जुना राखणदार मला मागच्या बाजूला घेऊन गेला. म्हणाला, हा रानात सोडायचा नाही, लोकांनी फार हाताळलेला आहे. सोडला तर सरळ गावात शिरेल, कुणाच्या तरी अंगणात जाऊन बसेल, आणि लोक काठ्या घालून मारतील. दुसऱ्या बिबट्यांबरोबर ठेवून बघितला, तर त्याला त्यांची भाषाच येत नाही, फाटून निघाला. म्हणून एकटा. आता जन्मभर इथंच.

केवढा झाला होता! अंगावर ठिपके असे उठलेले की नजर लागावी. आमचा आवाज ऐकून तो झोपेतून उठला आणि पळत आला. थेट जाळीला अंग लावून उभा राहिला, मान वाकडी केली, गाल घासला, मग आडवा पडून पोट वर केलं आणि पुढचा पंजा जाळीच्या भोकातून जेवढा निघेल तेवढा बाहेर काढून धरला. नखं आत ओढलेली. लहानपणी तोच पंजा सगळे धरायचे, कपाळाला लावायचे, म्हणून त्यानं तो पुढं केला होता. त्याला वाटत होतं, असंच असतं.

माझा हात आपोआप उठला.

"न्हाई मॅडम," राखणदार पटकन मधे आला. "हात लावायचा न्हाई. इथं कुणीच लावत न्हाई. कडक नियम हाय. हाच नियम पाहिजे, न्हाई का?"

"हाच पाहिजे," मी म्हटलं.

आम्ही जाळीच्या कडेकडेनं परत निघालो. तो आतून आमच्या बरोबरीनं चालत आला, अंग घासत, मधेमधे थांबून पंजा बाहेर काढत. पिंजरा जिथं संपला तिथं तो थांबला. मी मागं वळून बघितलं तेव्हा पंजा बाहेरच होता.